बारा विका, एक घ्या

विका.

घड्याळांचा नाद लागलेल्या माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. कपाटातल्या पेटीत दहा-बारा घड्याळं जमलेली असतात आणि डोक्यात मात्र वर्षानुवर्षं भलतंच एक असतं. मग ही सगळी काढून ते एक घ्यावं का? माझं उत्तर पहिल्याच ओळीत दिलं आहे. त्याला अटी आहेत आणि त्या कडक आहेत. पण आधी कारणं, कारण या प्रश्नावर लोक एरवी जी कारणं देतात त्यांतली बरीचशी मला पटत नाहीत.

उदाहरण समोर असलेलं बरं. ओमेगाचं स्पीडमास्टर घेऊ. १९५७ साली ते मोटारशर्यतींच्या वेळा मोजायला बाजारात आलं. १९६५ साली नासाने उष्णता, थंडी, धक्के, कंपनं अशा चाचण्यांतून पारखून ते अंतराळवीरांसाठी मान्य केलं. १९६९च्या जुलैत चंद्रावर उतरल्यावर आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ यानातच ठेवलं, कारण तिथला इलेक्ट्रॉनिक टायमर बिघडला होता. चंद्रावर फिरलं ते आल्ड्रिनच्या हातावरचं. स्पीडमास्टरची मूळ वळणाची आवृत्ती आजही मिळते आणि ती आजही चावीचीच आहे. रोज हाताने चावी द्यायची. तारीख नाही, ऑटोमॅटिक नाही, एका आवृत्तीला तर काचही प्लास्टिकची, कारण अंतराळात फुटून तुकडे उडणारी काच कुणालाच नको होती. किंमत सहा आकडी, त्यातलाही पहिला आकडा मोठा. दहा वर्षं एखाद्याला हेच घड्याळ हवंसं वाटत असेल तर मला त्याचं काहीच नवल वाटत नाही.

आता पेटी उघडा. एक सीको फाइव्ह, ऑटोमॅटिक म्हणजे काय ते कळावं म्हणून घेतलेलं. सीकोचंच एक डायव्हर, कारण एक तरी हवंच असं सगळे म्हणाले. टिसॉटचं पीआरएक्स, कारण त्या वर्षी ते सगळ्यांच्याच हातावर होतं. सेलमध्ये उचललेली दोन-तीन. आणि एक काळ्या डायलचं, पोटात तीन छोट्या तबकड्या असलेलं क्वार्ट्झ क्रोनोग्राफ. हे शेवटचं बाहेर काढा आणि नीट बघा. ते स्पीडमास्टरसारखं दिसतं म्हणून घेतलं होतं. बाकीच्यांतलीही निम्मी त्याच वाटेने आली. हवं ते परवडत नव्हतं, त्या त्या वेळी परवडणारं काहीतरी घरी आलं आणि महिन्याभरात पेटीत गेलं.

याला मी संग्रह म्हणणार नाही. संग्रहाला दिशा असते. कुणी फक्त एचएमटी जमवतं, कुणी फक्त सैनिकी घड्याळं, कुणी एकाच मशीनवर निघालेल्या सगळ्या घड्याळांच्या मागे चोरबाजारापासून बंगळूरपर्यंत फिरतं. अशा माणसाला विका म्हणायची माझी हिंमत नाही. त्याचं स्वप्न म्हणजे ती पेटीच आहे. मी बोलतो आहे ते सांत्वनापुरत्या घेतलेल्या घड्याळांबद्दल.

पहिला आक्षेप लगेच येतो. विकली तर तोटा होईल. होईल ना! समजा बाराची खरेदी पाच लाखांची असेल, तर हातात तीनही येणार नाहीत. साधं घड्याळ दुकानाबाहेर पडलं की त्याची किंमत उतरते, बॉक्स आणि कागद हरवले असतील तर आणखी उतरते. पण हा तोटा विकण्यामुळे होत नाही. तो घेतलं त्याच दिवशी झालेला आहे. विकताना तो फक्त दिसतो. न विकल्याने एक रुपयाही परत येत नाही. उलट पेटीत पडलेलं घड्याळ दरवर्षी थोडं थोडं खातच असतं.

कसं, ते सांगतो, कारण या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मेकॅनिकल घड्याळाला साधारण पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं. मशीनमधलं तेल सुकतं, जागा सोडतं, आणि घड्याळ वापरात नसलं तरी सुकतंच. बारातली आठ मेकॅनिकल असली तर जवळजवळ दर वर्षी एक तरी घड्याळ उघडावं लागणार. आणि उघडणार कोण? डोळ्याला भिंग लावून, दुकानाच्या दारातल्या एवढ्याशा टेबलावर बसणारे घड्याळजी प्रत्येक जुन्या पेठेत असायचे. त्यांची मुलं त्या टेबलावर बसलेली नाहीत, आणि त्यांनी का बसावं, त्या कामाचे आपण त्यांना काय पैसे देत होतो? जे उरलेत त्यांच्याकडे गर्दी आहे. मग काय होतं? घड्याळ बंद पडतं, ‘नंतर बघू’ म्हणून पेटीत परत जातं, आणि ते नंतर कधी येत नाही. बारा घड्याळं चालती ठेवणं हे अंगावर घ्यायचं काम आहे. ते करणार नसाल तर ती अडवून ठेवायचा तुम्हाला काय अधिकार? ज्याने ते यंत्र जुळवलं त्याचाही हा अपमान आहे, आणि ज्याने ते आनंदाने रोज घातलं असतं त्याचाही.

अचूक वेळेसाठी महाग घड्याळ हवं, असं कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. स्विस क्रोनोमीटरच्या प्रमाणपत्राला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची सूट असते. कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यूला महिन्याला ३० सेकंदांची. वेळ बघायचा प्रश्न कॅसिओने कधीच सोडवला आहे.

आणि ‘गुंतवणूक’ हा शब्द तर घड्याळाच्या दुकानात नेऊच नका. कोविडच्या काळात रोलेक्स आणि पाटेक फिलिपच्या काही घड्याळांचे जुन्या बाजारातले भाव चढत गेले, २०२२च्या सुरुवातीला शिखराला पोचले आणि मग घसरले. ‘हे घड्याळ म्हणजे सोनं’ असं ऐकून वरच्या भावात घेणारे अडकले. लिलावाच्या बातम्या खऱ्या असतात, पण त्या नीट वाचा. अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. ते त्याला बायकोने दिलं होतं, मागे गाडी सांभाळून चालवायची सूचना कोरून. तो ते वर्षानुवर्षं हातावर घालून फिरला आणि १९८४ साली त्याने मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. त्या मित्रानेही ते पुढे अनेक वर्षं वापरलं. जगातल्या सगळ्यात महाग घड्याळांपैकी एक झालं ते वापरून वापरून, आणि ज्या माणसाने वापरलं त्याच्यामुळे. आपण कुणी पॉल न्यूमन नाही, तेव्हा भावाचा विचार सोडा आणि वापरण्याचा धरा.

एकच घड्याळ ही काही परदेशी कल्पना नाही. आपल्याकडे तीच रीत होती. आधीच्या पिढ्यांकडे वेस्ट एंड किंवा फाव्हर-लुबा असायचं, एकच. मग एचएमटी आलं. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरात कारखाना उभा राहिला आणि जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं घराघरांत गेली. लग्नात जावयाला घड्याळ, पहिल्या पगाराचं घड्याळ, निवृत्तीला ऑफिसकडून घड्याळ. आयुष्याच्या एकेका वळणावर एकेक. मनगटावरचा पट्टा बदलायचा, काच बदलायची, घड्याळ तेच. त्या माणसांना रोज सकाळी ‘आज कुठलं घालू’ असा प्रश्न पडत नव्हता आणि त्यांचं काही बिघडलं नाही. पैसा कमी होता म्हणून तसं होतं, हे खरं. पण त्या एका घड्याळाशी त्यांची जी सलगी होती ती आपल्या बारातल्या एकाशीही नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा एचएमटी विकू नका, ही पहिली अट. वडिलांचं असेल तर प्रश्नच नाही. स्वतः घेतलेलं असेल तरीही ठेवा, कारण त्याचे असे मिळून मिळून किती मिळणार? दोन-चार हजारांनी स्पीडमास्टर जवळ येत नाही. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. ते घड्याळ आता परत तसं होणार नाही. जनता किंवा पायलट असेल तर तेही चावीचंच आहे. सेकंदाला पाच ठोके टाकतं, स्पीडमास्टर सहा. कानाला लावलं तर फरक कळतो. (रंगीबेरंगी, चकचकीत डायलची ‘जुनी एचएमटी’ हौसेने घेतली असतील तर ती आधी घड्याळजीला दाखवा. जुन्या मशीनवर नवं रंगवलेलं डायल चढवून विकायचा धंदा इतका वाढला की परदेशातले शौकीन अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मुंबईचं नाव यासाठी व्हावं याचं मला वाईट वाटतं. ती खुशाल काढा, पण घेणाऱ्याला डायल नवं आहे हे सांगून काढा.)

दुसरी अट जास्त अवघड आहे. विकण्याआधी एक महिना एकच घड्याळ घाला. पेटीतलं कुठलंही एक, बाकीची कुणाकडे तरी ठेवायला द्या. ऑफिस, लग्न, भाजी, प्रवास, सगळीकडे तेच. दहाव्या दिवशी हात शिवशिवायला लागला, नवीन पट्टे मागवावेसे वाटले, रात्री फोनवर दुसऱ्याच घड्याळांची चित्रं बघण्यात तास गेला, तर थांबा. तुम्हाला घड्याळापेक्षा घड्याळ घेणं आवडतं. त्यात पाप नाही, पण स्पीडमास्टर आल्यावर चार महिन्यांत पेटी पुन्हा भरायला लागेल आणि या खेपेला पाया फार महाग असेल. महिना आनंदात गेला तर मात्र पुढच्या पायरीवर या.

ती पायरी म्हणजे हातावर घालून बघणं. वर्षानुवर्षं मनात धरलेलं घड्याळ प्रत्यक्ष मनगटावर एकदाही न बांधता लाखो रुपये मोजणारे लोक आहेत, आणि याचा मला खरोखर राग येतो. स्पीडमास्टर ४२ मिलिमीटरचं आहे. आपल्या जुन्या एचएमटीचा व्यास ३५च्या आसपास. मनगट बारीक असेल तर पट्टा जिथे अडकतो ती दोन्ही टोकं हाताच्या बाहेर जातात का ते आरशात बघा. फोनवरच्या फोटोवर विसंबू नका. दुकानात तासभर बसा, संकोच करू नका.

आयात शुल्क उतरेपर्यंत थांबावं का, असंही लोक विचारतात. स्वित्झर्लंड आणि एफ्टा या युरोपीय व्यापारगटातल्या इतर देशांशी झालेला भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. पण कंपन्या दर वर्षी किमती वाढवतात, त्यात ही बचत कितपत उरेल कोण जाणे. माझ्या मते यासाठी थांबू नये. घड्याळ दहा लाखांच्या वरचं असेल तर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर, घेतो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घ्यायला विसरू नका. आणि विक्रीतून आलेले पैसे कमी पडले तर बचत करा, हप्ते नकोत. हप्त्यावरच्या घड्याळाकडे बघताना तारीख आठवते, वेळ नाही.

शेवटची अट वापराची. बारा विकून आणलेलं घड्याळ बँकेच्या लॉकरमध्ये जाणार असेल तर हा सगळा खटाटोप करू नका, बाराच बरी, निदान त्यांतलं एखादं तरी हातावर असतं. लोकलच्या गर्दीची भीती खरी आहे, पावसाचीही खरी आहे. स्पीडमास्टर ५० मीटरपर्यंतच पाणी सोसतं म्हणतात आणि जुलैतल्या कोकणात मी ते चामड्याच्या पट्ट्यावर घालणार नाही. त्यासाठी कॅसिओ ठेवा. घड्याळाचा विमा उतरवा. पण बाकीचे दिवस ते हातावरच हवं.

विकताना पॉलिश करून चकाचक करू नका, जाणकार गिऱ्हाईक मूळ कडा बघतं. सीको फाइव्ह मात्र बाजारात नेऊ नका. घरात दहावी-बारावी झालेलं कुणी पोर असेल त्याला द्या, मागचं झाकण काचेचं असेल तर आतलं चक्र फिरताना दाखवून द्या. मिळणारे पाच हजार तुम्हाला पुढे आठवणार नाहीत.

आणि स्पीडमास्टरवरची प्लास्टिकची फिल्म दुकानातच काढून टाका. पहिल्याच आठवड्यात दाराच्या कडीला लागून ओरखडा येईल. काच हेसलाइटची, म्हणजे ती प्लास्टिकचीच, घेतली असेल तर तो पॉलिशच्या पेस्टने बोटाने घासून घरीच जातो. स्टीलवर आला तर राहू द्या.