गाडीला माफी, बसला भाडेवाढ

रस्त्यावरची गर्दी कमी करायची तर मोटारवाल्याकडून पैसे घ्यावेत आणि त्याला बसकडे वळवावं, हा जगाचा साधा हिशोब. सिंगापूरने १९७५ मध्ये तो मांडला. लंडनने २००३ मध्ये मध्यवस्तीत शिरायला पाच पौंड लावले आणि जादा बस सोडल्या.

मुंबईने मात्र वही उलटी धरली. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवर मोटारींचा ४५ रुपयांचा टोल माफ झाला. (विधानसभेची निवडणूक दुसऱ्याच दिवशी जाहीर झाली. योगायोग, दुसरं काय!)

मग मे २०२५ मध्ये ‘बेस्ट’ बसचं किमान भाडं पाचावरून दहावर गेलं. म्हणजे चार आसनांच्या मोटारीत एकटे बसलेले साहेब फुकटात शहरात, आणि त्यांच्याच मागे अडकलेल्या बसमध्ये दांडीला लोंबकळणारा दुप्पट पैसे मोजून उभा. नाक्यावरची रांग तेवढी हटली. ती आता पुढच्या सिग्नलला भेटते.