साठपट काका

रायफल शूटिंगच्या कुठल्याही रेंजवर नेमबाजांपेक्षा पालक जास्त असतात आणि त्या पालकांत एक साठपट काका असतोच. हे नाव पोरांनी ठेवलेलं. काकांनाही ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतंही.

काका स्वतः नेमबाज नाहीत. जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडले तेवढाच त्यांचा अनुभव. नववीतली मुलगी रेंजवर येऊ लागली, तिला सोडायला काका आले, ते परत गेलेच नाहीत. रेंजच्या मागच्या बाजूला पालकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. तिथे बहुतेक आया भाजी निवडतात, बाप मोबाइल बघतात. काका मात्र वही काढून बसतात. बँकेत कर्जविभागात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की ती कर्ज मागायला आली आहे अशा नजरेने तिच्याकडे बघायचं, ही सवय.

मुलगी १० मीटरला होती तोवर काकांच्या या गुणांना वाव नव्हता. एअर रायफलचं कार्ड पुलीला लावलेलं असतं; बटण दाबलं की सरसर हातात येतं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर तेही नाही, शॉट सुटला की आकडा समोरच्या स्क्रीनवर. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे ऐकून काकांना भरून आलं होतं, पण बघायचं ते हातातल्या कार्डावरच.

मग १ ऑगस्ट २०२४ उजाडला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं. कोल्हापुरात मिरवणुका निघाल्या आणि पुण्यात काकांनी जाहीर केलं की आमची मुलगी आता ५० मीटरला जाणार. मुलीला ही बातमी दुसऱ्या दिवशी कळली.

५० मीटरला कागदी टार्गेटवर सराव करायचा म्हणजे एक अडचण असते. पॉइंट टू-टू बोअरच्या गोळीचं भोक जेमतेम ५.६ मिलिमीटरचं. ते काळ्या गोलात पडलं की उघड्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. दर वेळी पन्नास मीटर चालत जाऊन बघावं तर शेजारच्या लेनवर फायरिंग चालू. म्हणून नेमबाजाच्या बाजूला स्टँडवर छोटी दुर्बीण लावतात, स्पॉटिंग स्कोप. रायफलवर दुर्बीण बसवायला या प्रकारात परवानगी नाही, बाजूला ठेवून बघायला आहे. मुलीच्या कोचसरांनी एवढंच म्हटलं, "सवडीने एखादा साधा स्कोप बघा." सवडीने आणि साधा हे दोन्ही शब्द काकांच्या कानापर्यंत पोचले नाहीत.

"पंधरा हजार," काका म्हणाले. "वर एक रुपया नाही."

मुलीचं शूटिंग जॅकेट मापं देऊन शिवून घेताना याच माणसाने किंमत विचारली नव्हती. पण जॅकेट मुलीचं होतं. स्कोपमधून बघणार होते काका, आणि स्वतःसाठी खर्च करायचा म्हटलं की आपल्याकडच्या बापांचा हात अचानक आखडतो. मग ती काटकसर पार पाडण्यासाठी ते वाटेल तेवढा पैसा घालवतात.

पहिला स्कोप आला तो आकड्याला भुलून. खोक्यावर २०-६०×६० असं छापलेलं. म्हणजे वीसपट ते साठपट मोठं दिसणार आणि पुढची काच ६० मिलिमीटर व्यासाची. काकांनी वीस वाचलं नाही, मिलिमीटर वाचले नाहीत, साठपट वाचलं. रेंजवर येऊन त्यांनी तो साठावर नेला, डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आज जरा ढगाळ आहे."

एप्रिल महिना होता. आभाळात औषधालाही ढग नव्हता.

सरांनी त्यांना बाजूला घेतलं. "काका, पन्नास भागिले पंचवीस किती?"

"दोन."

"म्हणजे पंचवीसपटीवर कार्ड दोन मीटरवर आल्यासारखं दिसणार. दोन मीटरवरचं भोक तुम्हाला दिसत नाही का?"

काकांनी वही काढली. त्यांना गणित पटलं. बँकेतला माणूस, गणितापुढे त्याचं काही चालत नाही. सरांनी दुसरंही गणित घातलं. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, तेवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. साठाला साठाने भागलं की एक मिलिमीटर. भर उन्हातही डोळ्याची बाहुली साधारण दोनएक मिलिमीटर उघडी असते, म्हणजे तिला अर्धपोटी ठेवायचं. तेच विसावर तीन मिलिमीटर. शिवाय उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर जाते. साठपटीवर ती थरथरही साठपट, त्यात कार्ड विरघळल्यासारखं हलतं. कसलेले नेमबाज हीच थरथर बघून वाऱ्याचा अंदाज घेतात, पण त्यासाठी ते पट कमीच ठेवतात.

"म्हणजे साठाचे पैसे मी फुकट घातले?"

"फुकट नाही," सर म्हणाले. "नाव मिळालं."

दुसऱ्या खरेदीआधी काकांनी अभ्यास केला. काका अभ्यास करतात म्हणजे घरच्यांना शिक्षा असते. प्रिझम बीके-७ काचेचं की बीएके-४, काचांवर लेप सगळ्या पृष्ठभागांवर की फक्त बाहेरच्या, नळी सरळ की ४५ अंशात वाकलेली. रात्री जेवताना हेच. काकू शांतपणे कोशिंबीर वाढत राहायच्या. वाकड्या नळीचा मुद्दा मात्र खरा निघाला. मुलगी प्रोनला, म्हणजे पालथी झोपून नेम धरते. सरळ नळीत बघायचं तर मान उचलून अख्खी पोझिशन मोडायची. वाकडी नळी डोळ्यापाशी आणून ठेवली की नुसती नजर वळवायची. एवढं एक कळायला काकांच्या वहीची अकरा पानं गेली, पण कळलं.

चाचणी काकांनी घरीच घ्यायची ठरवली. ऑफिसातलं पंचिंग मशीन जवळपास सहा मिलिमीटरचं भोक पाडतं, म्हणजे गोळीच्या भोकाच्या अगदी जवळचं. काकांनी काळ्या कार्डपेपरला भोकं पाडली, मागून पांढरा कागद डकवला आणि काकूंना सोसायटीच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं. स्वतः गच्चीवर. मित्राकडून मागून आणलेला ऐंशी मिलिमीटरचा स्कोप लावला. भोकं दिसली. मोजता आली. काका इतके खूश झाले की खाली आवाज न देता त्यांनी स्कोप हळूहळू वर फिरवून समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतली नावाची पाटीही वाचून बघितली. गॅलरीत समोरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर जे आलं त्यात कुणाचं नाव नव्हतं, पण दुर्बिणीचा उल्लेख होता.

"अहो, मी तिथे पाऊण तास कार्ड धरून उभी होते," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही..."

"पाटी वाचत होतो गं. फोकस तपासायला!"

मित्राचा स्कोप चांगला होता. तसलाच घ्यावा तर किंमत पंधराच्या बरीच वर. जगातल्या उत्तम दुर्बिणी लाखांच्या घरात जातात हे काकांनी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं आणि त्याच्या खाली 'नाही' असं लिहिलं. मग बुधवारी त्यांनी जुना बाजार गाठला. पुण्याच्या जुन्या बाजारात काय मिळत नाही? काकांना तिथे पितळी नळीवर चामडं चढवलेला, 'मिलिटरीचा' म्हणून सांगितलेला एक स्कोप मिळाला. विक्रेत्याने चार सांगितले, काकांनी दीड म्हटलं, दोन हजारांत सुटला. घरी आणून उजेडाकडे धरला तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ठेवलेल्या भिंगांना ही लागते, आणि लागली की पुसून जात नाही, कारण ती असते आतल्या काचेवर. काकांनी तो स्कोप आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवला. बुरशी तशीच राहिली. तांदळाला मात्र जुन्या चामड्याचा वास लागला.

या सगळ्यात एक गोष्ट काकांनी हिशेबात धरलीच नव्हती: स्टँड. मोबाइलचा हलका तिपाई स्टँड आणून त्यावर किलोभराचा स्कोप चढवला की शेजारी कुणी शिंकलं तरी कार्ड उडतं. दोन लेन सोडून रायफल सुटली की काकांना भूकंप दिसायचा. शेवटी कोंढव्याच्या एका फॅब्रिकेटरकडून त्यांनी लोखंडी पट्ट्यांचा, खाली वजनदार ताटली असलेला स्टँड बनवून घेतला. उंची वरखाली करायला सायकलच्या सीटची कडी. मी या गृहस्थाच्या बऱ्याच गोष्टींवर हसतो, पण तो स्टँड बघून गप्प बसलो. रेंजवरचा एकही महागडा स्टँड इतका गपगार उभा राहत नाही.

त्या स्टँडवर आता तिसरा स्कोप आहे. पासष्ट मिलिमीटरचा, वाकड्या नळीचा, कुणाकडून तरी वापरलेला पण निगुतीने ठेवलेला. तीनही स्कोप, स्टँड, तांदूळ आणि सोसायटीत वाटलेले माफीचे पेढे धरून काकांचा एकूण खर्च बजेटच्या दुपटीवर गेला. आणि काका हा तिसरा स्कोप पंचवीसवरून हलवत नाहीत. झूमच्या कड्यावर त्यांनी चक्क चिकटपट्टी लावली आहे.

मुलीचा प्रश्न वेगळाच झाला आहे. स्कोपमधून ती स्वतः फारशी बघतच नाही. सायटिंगचे शॉट झाले की ती मागे काकांच्या चेहऱ्याकडे बघते. भुवया वर गेल्या की दहा. ओठ मुडपले की आठ, डावीकडे. चष्मा काढून पुसायला लागले तर विचारूच नये. सरांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी काकांची खुर्ची खांबामागे हलवली. काकांनी निमूटपणे हलवू दिली, फक्त खांबाच्या कोणत्या बाजूने लेन दिसते ते आधी बघून घेतलं.

हल्ली नवे पालक आले की सर त्यांना सरळ काकांकडे पाठवतात. परवा एक तरुण बाप आला, मुलगा ५० मीटरला निघालेला. नमस्कार करून अदबीने म्हणाला, "काका, स्कोप घ्यायचाय. साधारण किती बजेट ठेवू?"

काकांनी वही मिटली, त्याच्याकडे नीट निरखून बघितलं.

"ते नंतर सांगतो. आधी सांगा, मुलाला चष्मा आहे का?"

"आहे."

"नंबर किती?" काकांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा. चहा घेणार ना?"