फिरतं घर आणि 'असलाच द्या'

परदेशात मोटरहोम नावाची चीज असते; डिझेलवर चालणारं घर, हौसेनं भटकायला. दिंद्रुडकडं ते दसऱ्यानंतर रस्त्याला लागतं: ट्रॅक्टर, मागं ट्रॉल्या, त्यात चूल, कोंबड्या, लेकरं. ऊसतोडीसाठी मुक्काम पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर. हौस तेवढी मुकादमाची.

निघण्याआधी माजलगावात फिल्टरखरेदीचा सोहळा होतो. पद्धत शास्त्रशुद्ध. जुना ऑइल फिल्टर काउंटरवर आपटायचा आणि म्हणायचं, "असलाच द्या." पार्ट नंबर काजळीखाली गडप, तो पुसून वाचणं म्हणजे दुकानदारावर अविश्वास! तो आटे जुळवून बघतो. बसला की चालला. आतला बायपास व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो, रबरी वॉशरचा व्यास केवढा, हे विचारायला आपण काय इंजिनियर आहोत?

डिझेलच्या जोड फिल्टरची तऱ्हा तर न्यारीच. पहिला जाड गाळ अडवतो, दुसरा बारीक. आपण मात्र स्वस्त असेल तोच दोन्हीकडं बसवून मोकळे. पुढचा हिशेब पंप आणि नोझल करतात, तोही ऐन फडात, उसाची खेप भरल्यावर. हवेच्या फिल्टरमधलं तेल बदलायला फारसा खर्च नाही, म्हणूनच बहुधा ते कुणी बदलत नाही.

दादांनो, उचल घेताना आकडा दहादा मोजता, तसा फिल्टरवरचाही एकदा वाचा. ताडून बघायला कंपनीची पुस्तिका आहे. पेटीत, मूळ प्लास्टिकसकट.