जाळं विणायचंय? नगर जिल्ह्यातल्या नवख्या कोळीणताईंसाठी

ताई, कात टाकून झाली, आता स्वतःचं जाळं हवं. (मार्गदर्शन ताईंनाच. बहुतेक जातींतले बुवा वयात आले की विणकाम सोडतात आणि दुसरीच्या जाळ्याकडेला घुटमळतात.) आधी तालुका ठरवा, डिझाइन मग.

अकोल्यात, भंडारदऱ्याच्या ओल्या रानात जागा मिळाली तर चक्राकार जाळं घाला. पहिल्यांदा ताठ, कोरडे आरे. मग मधून बाहेर एक तात्पुरता फेरा टाका. त्यावर पाय देत बाहेरून आत चिकट धागा गुंफत या आणि तात्पुरता धागा काढत चला. हा चिकट धागा ताणला की मूळ लांबीच्या दुपटीहून लांब व्हायला हवा, नाहीतर जोरात आदळलेला टोळ उलटा उसळून पसार होईल. गोंदाचे थेंब हवेतलं पाणी ओढून ओले राहतात, म्हणून हे काम दमट हवेचं. खालचा भाग वरच्यापेक्षा मोठा ठेवा आणि डोकं खाली करून बसा. चढण्यापेक्षा उतरणं लवकर होतं. पतंगांवर मात्र भरवसा ठेवू नका, ते पंखांवरचे खवले गोंदाला सोडून निसटतात. मधोमध पांढरी नागमोडी नक्षी काढायची हौस असेल तर काढा. ती किड्यांना भुलवते की पक्ष्यांना बजावते, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

कर्जत-जामखेडच्या कोरड्या हवेत गोंदाच्या नादी लागू नका. तिथे बोरी-बाभळीवरच्या स्टेगोडायफस कोळ्यांचा कित्ता गिरवा. पोटाखालच्या चाळणीतून निघणारे अतिसूक्ष्म तंतू मागच्या पायावरच्या फणीने विंचरायचे, की लोकरीसारखा धागा तयार. किड्याच्या पायांवरचे केस-काटे त्यात गुंततात, आणि सुकायला गोंदच नाही. पण हे एकटीचं काम नव्हे, हा बचत गट आहे. एका घरट्यात कधी शंभरावर जणी. दांडगा टोळ आला की चौघी-पाचजणी मिळून ओढतात. गटाची एक अट नीट वाचून मगच सही करा: पिल्लं मोठी झाली की आईलाच खातात.

रेहेकुरीसारख्या माळावर गवतात चादर पसरा, एका टोकाला नळी करा आणि तिच्या तोंडाशी बसा. चिकटपणा लागत नाही. किडा अडखळला की थरथर पायांना कळते; धावायचं.

चक्राकारवाल्यांनी जुनं जाळं टाकून देऊ नये, खावं. त्यातलं प्रथिन नव्या धाग्याला लागतं. अनुदान कुठल्याच डिझाइनला नाही.