शेपूट असलेला बरा

आमच्या आंजर्ल्याच्या घरात दोन माणसं दिवसभर कट्-कट् करत असतात. खाली ओटीवर आत्या अडकित्त्याने आणि वर माडीवर मी माउसने. आत्याचं वय शहाऐंशी, माझं बावन्न. तिची कट्-कट् साठ-पासष्ट वर्षं चालू आहे, माझी पंचवीस. आणि मनगट दुखायला लागलं ते माझं.

आधी मी ते अंगावर काढलं. मग एके दिवशी आमटीभाताचा घास तोंडाशी नेताना कळ आली आणि घास ताटात परतला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे घरात सगळ्यांना पटलं. आत्याने आंबेहळदीचा लेप घातला. मनगट होतं तसंच राहिलं, माउस मात्र पिवळा झाला. शेवटी दापोलीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मनगट इकडून तिकडून वळवून पाहिलं.

"माउस किती वर्षांचा?"

"मुंबईची नोकरी सोडली तेव्हा निरोपाच्या नारळाबरोबर आणला."

"नारळ संपला ना? मग आता हाही टाका."

टाकायला कारणं आणखीही होती. गेल्या दोन पावसाळ्यांपासून त्याला दुहेरी क्लिकची खोड लागली होती. एकदा दाबलं की दोनदा बोलायचा. आत बटणाखाली धातूची बारीक पट्टी असते, तिच्या टोकावर दमट हवेचा गंज चढला की असं होतं. आंजर्ल्याच्या हवेत दाराच्या कड्या टिकत नाहीत, तिथे त्या पट्टीचा काय पाड! अंगाचं रबरही विरघळून फणसाच्या चिकासारखं झालं होतं. कोकणात चिकाला तेल लावतात म्हणून मी तेलही लावून पाहिलं. त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं.

पुण्याच्या पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, गेमिंग माउस घ्या. वायरवाला."

"अरे, मी गेम खेळत नाही."

"खेळणारे आठ-आठ तास माउस धरून बसतात आणि नेम केसभर चुकला तर मरतात. तुमचं काय वेगळं आहे?"

विचार केला, तर खरंच फारसं वेगळं नव्हतं. मी दोन-तीन आर्किटेक्टांना घरांचे आराखडे संगणकावर काढून देतो. समुद्र दिसणारी घरं असतात ती. मालक वर्षातून चार दिवस येतो आणि ते चारही दिवस मोबाईल बघतो. पण रेघ ती रेघ. दोन रेघांची टोकं जुळली नाहीत तर डोळ्याला दिसत नाही, पण त्या खोलीत फरशीची नक्षी भरायला घेतली की ती फटीतून निसटते. मागच्या महिन्यात एका न्हाणीघराची फरशी अशी थेट कुंपणापर्यंत पसरली. मालकाला ती कल्पना आवडली, हा भाग वेगळा.

वायरीबद्दल मात्र मला कुणी पटवायची गरज नव्हती. बिनवायरीचा म्हणजे सेल आले, आणि आमच्या खाऱ्या हवेत सेल कसे पाझरतात ते माझ्या तिन्ही बॅटऱ्यांच्या पोटात बघायला मिळेल. आत्याचं कारण आणखी सबळ होतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं, तेव्हा अख्खं गाव वायरलेस झालं होतं. विजेचे खांब आडवे, माड आडवे, पोफळी तर काडेपेटी उलटी केल्यासारख्या. वीज परत यायला कित्येक दिवस गेले. तेव्हापासून कुठेही वायर जागेवर दिसली की तिला धीर येतो.

"शेपूट असलेलाच घे," ती म्हणाली. "पळून जात नाही."

मग ओघाने 'याला उंदीर का म्हणतात' हा विषय निघाला. मी सांगितलं, की हा मूळचा लाकडी. १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला बनवला. हातात मावेल असा ठोकळा, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एकच बटण. वायर आधी मनगटाच्या बाजूने निघायची. ती हाताखाली घोटाळते म्हणून पुढच्या अंगाला नेली. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टनी तो भरसभेत चालवून दाखवला. १९७० साली पेटंट मिळालं, पण ते संस्थेच्या मालकीचं. पुढे घरोघर माउस झाले, आणि ज्याने शोध लावला त्याला त्यातून रॉयल्टी म्हणून काही मिळालं नाही.

आत्याने सुपारी बाजूला ठेवली. "म्हणजे त्यालाही कूळकायदाच लागला म्हणायचा!"

आता निवड करायची. नावं वाचूनच मी दचकलो. रेझर नावाची कंपनी आपल्या उंदरांना सापांची नावं देते. डेथ अ‍ॅडर, वायपर, नागा. यातला डेथ अ‍ॅडर २००६ पासून चालत आलेला, उजव्या हाताच्या पंज्याला टेकू देणारा, फुगीर पाठीचा, नाव ऑस्ट्रेलियातल्या विषारी सापाचं. नागाच्या एका कुशीत तर नुसत्या अंगठ्याने दाबायची बारा बटणं. उंदराला नाव सापाचं देणं म्हणजे कोंबडीला 'कोल्हा' म्हणून हाक मारण्यासारखं आहे, पण गणपतीच्या गावात राहून या दोघांच्या सलोख्यावर शंका घेणारे आपण कोण? त्याच्या पायाशी उंदीर आणि पोटाला नाग, दोघेही सुखात आहेत.

पुतण्याने पुढची आज्ञा केली : हात मोजा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी आणि पंज्याची रुंदी. मी सुताराची टेप आणली. लांबी भरली साडेसतरा सेंटिमीटर, रुंदी साडेआठ. "म्हणजे लहान ते मध्यम," तो म्हणाला. बावन्नाव्या वर्षी आपला हात लहान आहे हे कळलं की मागच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

"आणि धरता कसा? पाम, क्लॉ की फिंगरटिप?"

हे मला कळेना. फोन स्पीकरवर होता. आत्याने सगळं ऐकलं, पिवळा माउस मागून घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. तिने तो पाट्यावर ठेवला आणि त्याच्यावर अख्खा पंजा पसरून, तळव्याचा भार देऊन पुढे-मागे केला. "हा वरवंटा." मग खोवणीपुढे बसून नारळाची कवड धरतात तसा धरला. तळवा उचललेला, बोटं वाकवून नखांजवळ टेकवलेली, मनगटाच्या बाजूने आधार. "ही कवड." मग तळवा पूर्ण उचलला आणि नुसत्या बोटांच्या पेरांनी, मोदकाच्या कळ्या पाडताना पारी धरतात तसा तो चिमटीत घेऊन सुतासुताने फिरवला. "आणि हा मोदक. तू मोदकाच्या कामाला वरवंटा धरतोस. दुखेल नाही तर काय होईल?"

फोनवर पुण्यात शांतता होती. मग पुतण्या म्हणाला, "आजी, तुम्ही चॅनल काढा."

निदान अचूक होतं. मी तळव्याचं सगळं ओझं टाकून बसत होतो आणि मग मनगटातून हिसके देत होतो. वरवंट्याला ते चालतं, कारण वरवंटा हलतो खांद्यातून. माझा खांदा खुर्चीच्या हाताला टेकून पेन्शनीत निघालेला. तेव्हा मधला मार्ग ठरला : कवडीच्या पकडीचा घ्यायचा, पाठ मध्यम उंचीची, हलका.

हलकेपणाचं एक वेगळंच शास्त्र आहे. लॉजिटेकच्या जी ५०२ या माउसबरोबर ३.६ ग्रॅमची पाच वजनं येतात. हवी तेवढी पोटात घालायची आणि जड करायचा. मग वारं फिरलं आणि लोक ग्रॅम-ग्रॅम उतरवायच्या मागे लागले. पाठीला भोकं पाडून, जाळी करून, ऐंशीचा साठ करून दाखवायचा. मला ते चित्र फार आवडलं. चांगल्या घावनाला पडते तशी जाळी. कंपनीचं नाव सांगत नाही, पण मी घावन मागवलं.

कुरिअरवाल्याने दापोलीहून फोन केला, "कड्यावर की कड्याखाली?" कड्यावर गणपती राहतो, खाली आम्ही. पूर्वी खाडीला तर होती, आता पूल आहे, तरी पुलाच्या पलीकडून तो तीनदा पत्ता विचारतो. असो. माउस आला. हलका इतका, की दोन दिवस मी उगाचच तो उचलून बघत होतो. तिसऱ्या दिवशी पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला. मी हात मागे घेतला, तरी तो आपला दिवाणखान्यातून जिन्याकडे, जिन्यातून गच्चीवर.

माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो, आणि आधीच्या फोटोशी ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. मी टेबलावर फणसपोळी खात होतो. जाळीतून मुंग्या आत गेल्या होत्या. त्यातली एक कॅमेऱ्यापुढून चालली की त्याला वाटायचं टेबल सरकलं. घावन साभार परत गेलं. काही मुंग्याही त्याच्याबरोबर गेल्या असाव्यात.

दुसरा घ्यायला मुद्दाम दुकानात गेलो. कोयती घेताना माणूस ती उचलतो, तोलतो, हवेत दोन वार करून बघतो, मुठीवरून अंगठा फिरवतो, मग ठेवून दुसरी उचलतो. दुकानदारही त्याला वेळ देतो, कारण वाईट मुठीची कोयती घेऊन माणूस माडावर चढणार असतो. इथे माउस खोक्यात, खोक्याला प्लॅस्टिक, प्लॅस्टिकला सील. "फोडला की घ्यावा लागेल." मी म्हटलं, हाताला कसा बसतो ते कसं कळणार? तर त्याने खोक्यावरचा आकडा दाखवला. डीपीआय २६,०००.

या आकड्याला भुलू नये. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की बाण किती ठिपके सरकणार. माझा पडदा १,९२० ठिपके रुंद. ८०० वर ठेवला तर हात अडीच इंचांहून जरा कमी हलवून बाण या टोकाचा त्या टोकाला. २६,००० वर ठेवला तर एका इंचात तेरा वेळा पडदा ओलांडेल. शिंकलो तर माझा नकाशा शेजारच्याच्या हद्दीत. त्यापेक्षा विंडोजमध्ये बाणाची अचूकता वाढवतो म्हणणारी एक खूण असते, ती काढली तेव्हा मला जास्त फायदा झाला. ती चालू असली की हात जोरात हलवला तर बाण लांब जातो आणि तेवढंच अंतर हळू हलवला तर जवळ. म्हणजे वीत तीच, पण रागात मापली तर मोठी भरणार. अशा मापाने कुणाची हद्द ठरली तर तंटा नातवापर्यंत जाईल.

बटणं पाच कोटी क्लिक टिकतील असंही खोक्यावर होतं. मी हिशोब केला. दिवसाला पाच हजार, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे तेहेतीस वर्षं. मी पंचाऐंशीचा होईन. घेतला.

या वेळी जमलं. ऐंशी ग्रॅमच्या आसपास, बिनभोकाचा, कुशीला रबर नाही. वायर कापडी विणीची, मऊ, बुटाच्या नाडीसारखी. आधीच्या माउसची वायर कडक होती. थोडा पुढे गेला की दाव्याच्या वासरासारखा मागे ओढला जायचा, आणि मनगटाला अर्धी ओढाताण त्याचीच होती. खेळाडू लोक वायर अधर धरायला खास स्टँड विकत घेतात. आत्याने वाळवणाच्या दोरीवरचा एक चिमटा दिला. तो खिळ्याला सुंभाने टांगला, त्यात वायर अडकवली. आता ती टेबलाला शिवत नाही.

एकच भानगड उरली. तो रात्री सात रंगांत उजळतो. आमच्या आगरामागे लगेच पुळण आहे, आणि हा आणला तेव्हा कासवांची पिल्लं बाहेर पडायचे दिवस होते. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूतून वर आली की जिकडे उजेड तिकडे धाव घेतात; त्यांच्या हिशोबाने उजेड म्हणजे समुद्र. "माडीवर येतील हो ती," आत्या म्हणाली. कासव महोत्सवाला आलेल्या एका पाहुण्याने खालून वर बघून हात जोडले, त्याला वाटलं देवघर आहे. दिवे मालवायचं सॉफ्टवेअर उतरवायला मी लॅपटॉप घेऊन रेंजसाठी कड्याच्या पायऱ्या चढलो. तिसऱ्या खेपेला माउस बरोबर न्यायचं लक्षात आलं.

मनगट आता ऐंशी टक्के बरं आहे. उरलेले वीस टक्के मी आत्याला दाखवायला ठेवले आहेत, नाहीतर नारळ सोलायला बोलावते.

गणपतीत पुतण्या आला. त्याच्याजवळ बिनवायरीचा, महागाचा. म्हणाला, "काका, आता हेही वायरवाल्याइतकेच झटपट झाले, फरक कळतच नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलाशी उभा. त्याचा चार्ज संपला होता, चार्जर पुण्यात होता, आणि हापिसची मीटिंग दहा मिनिटांवर.

"काका, तुमचा जरा देता? तासाभरापुरता."

मागे एकदा मला पार्सलची पट्टी कापायची होती, म्हणून मी आत्याचा अडकित्ता उचलला होता. तिने तो हातातून काढून घेतला आणि कोपऱ्यातला गंजका सुरा पुढे केला. "हात बदलला की अडकित्ता रुसतो," म्हणाली.

मी खण उघडला आणि पुतण्याला पिवळा माउस दिला.

"हा दोनदा बोलतो," मी म्हटलं. "मीटिंगमध्ये तू एकदाच बोल."