धाब्यावर बसवलेला उन्हाळा

अकोला-अमरावतीकडच्या जुन्या घराचं छत थंड करायचं असेल, तर पहिला नियम हा की एप्रिल लागेपर्यंत विषयच काढायचा नाही. डिसेंबरात मिस्त्री रिकामा असतो, पत्र्यावर पाय ठेवता येतो, म्हणून त्या महिन्यात हे काम कोणी करत नाही. पारा 45 वर गेला की शिडी काढावी.

मग छताचा इतिहास समजून घ्यावा. पूर्वी इथे धाबं होतं. सागवानी लाकडांवर फळ्या, फळ्यांवर फूटभर माती आणि सर्वांत वर गावच्या गढीची पांढरी माती. दुपारचं ऊन एवढ्या मातीतून खाली पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर घरातली मंडळी अंथरुणं घेऊन धाब्यावर गेलेली असायची. उन्हाला खाली येऊन रिकामं घर सापडायचं. अर्थात या मातीचं वजनही चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास, त्यात पावसाळ्याआधी नवा थर. लाकडं वाकायची, झडीत एखादं छत भिंतीसकट बसायचं. म्हणून माती उतरवली आणि तिच्या जागी पत्रा आला, जो मिलिमीटरभरही जाड नसतो. फुटावरून मिलिमीटरवर येण्याला आपल्याकडे सुधारणा म्हणतात. कवेलूच्या घरांचा निर्णय मात्र वांदरांनी घेतला. एक टोळी छपरावरून गेली की निम्मे कवेलू फुटतात, आणि ते फेरणारी माणसं आता शोधावी लागतात.

तर आता पत्र्याखाली वासे उघडे आहेत आणि डोकं तापलं आहे. दुकानातून चमकणारं फॉइल आणावं. मिस्त्री म्हणेल, "काही होत नाही भाऊ, पत्र्यालेच चिपकवून टाकू." हे ऐकल्यास पैसे फॉइलला जातात आणि उष्णता घरात येते. चमकेला शेजारी मोकळी हवा लागते. पत्र्याला घट्ट बसलं की फॉइल हा पत्र्याचाच एक पदर. ते वाशांच्या खालच्या अंगाला ठोकावं, पत्रा आणि फॉइल यांत वाशाच्या उंचीएवढी पोकळी राहू द्यावी, आणि आढ्याजवळ गरम हवेला वाट ठेवावी. चकचकीत बाजू खाली. वर ठेवली तर वर्षभरात वऱ्हाडी धूळ बसून चमक संपते.

थर्माकोलही चालतो, पण स्वयंपाकघरावर नको. तो पेटतो आणि त्याचा धूर वाईट. गंमत अशी की उष्णता अडवण्यात कापूस आणि थर्माकोल यांत फारसा फरक नाही. कापूस आपण पिकवून जिनिंगला घालतो आणि थर्माकोल विकत आणतो. म्हणून कोणी वाशांमध्ये सरकी काढलेला कापूस कोंबू नये. एक ठिणगी पुरते. कुटार तर नकोच, उंदरांची आयती सोय होते.

पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग लावल्यास खोली शोरूमसारखी दिसते. ज्या सागवानाची बढाई पाहुण्यांपुढे मारत होतो, ते दिसेनासं होतं, आणि उधईही दिसेनाशी होते. तिला एवढी खासगी जागा यापूर्वी कोणी दिली नव्हती. शिवाय खोली बंद करून कुलर लावला की ती दमट होते. कुलर लावलात तर समोरची एक खिडकी उघडी ठेवा.

चुन्यात फेविकॉल घालून वर फासणं स्लॅबला ठीक. गुळगुळीत पत्र्यावरून ते पहिल्या पावसात नालीत जातं. पत्र्याला पत्र्याचाच पांढरा रंग द्यावा.

सगळ्यांत गुणकारी उपाय शेवटी सांगतो, कारण तो फुकट आहे आणि म्हणून कोणी करणार नाही. पत्र्यावर पऱ्हाटी किंवा तुराट्या पसरून दोरीने बांधा. ऊन पत्र्यापर्यंत पोचतच नाही. हरकत एकच येते: "लोकं काय म्हणतीन?" लोकांच्या डोक्यावरही पत्राच आहे, ते दोन दिवसांत तुराट्या मागायला येतील. मृगाच्या वाऱ्याआधी तेवढ्या खाली उतरवा, आणि वायरी वाशांवरून गेल्या असतील तर फॉइल ठोकण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

ज्यांच्या घरावर धाबं अजून शाबूत आहे, त्यांनी यातलं काहीही करू नये. लाकडं तपासून घ्यावीत, वर साचलेले जुने थर थोडे उतरवावेत आणि पांढऱ्या मातीची ट्रॉली मे महिन्यातच सांगून ठेवावी.