मा. सर्वेक्षण यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. सर्वेक्षण,
मुक्काम पोस्ट नकाशा, जिल्हा बुलढाणा.

विषय: बुलढाणा शहरासाठी हलक्या रेल्वेचे केवळ सर्वेक्षण मंजूर करण्याबाबत.

महोदय,

बुलढाणा हे जिल्ह्याचे मुख्यालय असूनही तेथे रेल्वे स्थानक नाही. मात्र खामगाव–जालना मार्गाच्या निमित्ताने ब्रिटिश अमदानीपासून सर्वेक्षणमहोदयांचे या जिल्ह्यात जे येणेजाणे चालू आहे, त्याइतकी नियमित सेवा कोणत्याही गाडीला देता आली नसती, याची कृतज्ञ नोंद प्रथम घेणे उचित ठरते.

महोदयांच्या गैरहजेरीत रूळ पडल्याचे उदाहरण जिल्ह्यात नाही असे नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा सुमारे 13 किलोमीटरचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. कापसाच्या गाठींना निवेदने द्यावी लागली नाहीत, उपोषणाला बसावे लागले नाही. पुढे चिखली, देऊळगाव राजामार्गे जालन्यास जाऊ इच्छिणारी माणसे होती, गाठी नव्हेत; त्यामुळे तो फाटा आजही खामगावलाच थांबतो. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 174 किलोमीटरचा, 7,105 कोटी रुपयांचा जालना–जळगाव मार्ग मंजूर केला, तोही अजिंठ्याच्या बाजूने, म्हणजे जिल्ह्याला पश्चिमेकडून वळसा घालून.

अशा स्थितीत मोठ्या रेल्वेचा नाद सोडून रेल्वे स्थानक असलेल्या मलकापूरपासून बुलढाण्यापर्यंत हलक्या रेल्वेची मागणी करणे अधिक व्यवहार्य वाटते. हलकी रेल्वे म्हणजे रस्त्यालगत किंवा रस्त्यातूनच धावणारी, कमी वजनाच्या मोजक्या डब्यांची विजेवरची गाडी. मुंबईत 1874 ते 1964 या काळात धावलेली ट्राम ही तिची थोरली बहीण. मोठ्या रेल्वेला चढ सोसत नाही, कारण पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कमी असते आणि पुढचे इंजिन सगळ्या गाडीचे ओझे ओढते. म्हणूनच बोरघाटात, जेथे 37 फुटांमागे एक फूट चढ आहे, तेथे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. ट्रामच्या डब्याखालीच मोटारी असतात आणि मागे ओढायला लांबलचक गाडी नसते. लिस्बन शहरात ती 100 मीटरमागे 13 मीटरहून अधिक चढ चढते. तेव्हा मलकापूरच्या वाटेवरचा राजूर घाट तिला अडवील असे मानण्याचे कारण नाही. अडवील तो कागद.

केंद्र सरकारने 2019 मध्ये ‘मेट्रोलाइट’ या हलक्या प्रकाराचे जे मानदंड ठरवले, त्यांत गर्दीच्या एका तासात एका दिशेने 15,000 पर्यंत प्रवासी गृहीत धरले आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार बुलढाणा शहराची लोकसंख्या 70,000 च्या आत आहे. म्हणजे तान्ह्या बाळांसह अवघे गाव मलकापूरच्या वाटेला लागले, तरी पाच तासांच्या आत गाडीला प्रवासी उरणार नाहीत. रबरी टायरवर धावणारी ‘मेट्रो निओ’ त्याहून स्वस्त खरी, पण 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटींचा उल्लेख होऊनही ती नाशिकसारख्या शहरातसुद्धा जमिनीवर उतरली नाही. बुलढाण्याने नाशिकच्या पुढे जाण्याचा उद्धटपणा करू नये, हे बरे.

प्रवाशांची गणना मात्र महोदयांनी एकदा बसस्थानकावर उभे राहून करावी. मुंबईस निघालेला माणूस तेथे मलकापूरच्या एस.टी.त चढतो, वरची फळी भरलेली असल्याने बॅग मांडीवर घेतो, राजूर घाटाच्या वळणांवर ती एका हाताने आणि समोरचा दांडा दुसऱ्या हाताने धरतो, आणि मलकापूर बसस्थानकावर उतरून रेल्वे स्थानकाकडे जायला रिक्षा शोधतो. हा माणूस गर्दीच्या एका तासात मोजला जात नाही, कारण तो गाडीच्या वेळेनुसार निघतो; पहाटे, दुपारी, रात्री, असा दिवसभर विखुरलेला असतो.

सबब विनंती, की महोदयांनी हलक्या रेल्वेचे सर्वेक्षण आपल्या नेहमीच्या गतीने करावे. तोवर मलकापूरला थांबणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक समोर ठेवून एस.टी.च्या फेऱ्या आखाव्यात आणि त्या थेट रेल्वे स्थानकाच्या दारापर्यंत न्याव्यात. या कामाला भूसंपादन लागत नाही, ही त्यातील त्रुटी मान्य आहे.

आपले नम्र,
समस्त बुलढाणेकर प्रवासी

प्रत माहितीस्तव: एस.टी.चे मलकापूर आगार